वकील निवडायला सवड कुणाला मिळते?

महोदय,

अपघातानंतर वकील कसा निवडावा, यावरचा कालच्या पुरवणीतला लेख वाचला. दोन-तीन वकिलांना भेटा, अनुभव विचारा, फी लेखी ठरवा, घाई करू नका. सल्ला उत्तम आहे. फक्त तो कुठल्या गावच्या माणसाला दिलाय, तेवढं कळलं नाही.

आमच्या बेळगावात वकील निवडावा लागत नाही. वकिलाचा माणूस आपल्या पायांनी दवाखान्यात येतो. माझा धाकटा भाऊ जोतिबाहून भाड्याच्या गाडीतून परत येत होता. तवंदी घाटात मागून कंटेनरने ठोकलं. आम्ही पोचलो तेव्हा त्याला अजून एक्स-रेलाही नेलं नव्हतं आणि हे गृहस्थ वहिनीशेजारी बाकड्यावर बसलेले. पांढरा शर्ट, काखेत प्लास्टिकची फाइल. वहिनीला चहा पाजून झाला होता, पोरांच्या हातात बिस्किटचे पुडे होते. कंटेनरचा नंबर, विमा कंपनीचं नाव, हवालदाराचा मोबाईल, सगळं त्यांच्याकडे तयार. आम्हाला वाटलं, दवाखान्यातलेच कुणी साहेब असतील. संध्याकाळपर्यंत वकालतनाम्यावर सही झाली, त्याच्या खालच्या कोऱ्या कागदांवरही झाली. "केस तिकडेच चालणार, तिकडे तुमच्या ओळखीचं कोण आहे?" हा त्यांचा हुकमी प्रश्न. खरं तर नुकसानभरपाईचा दावा अपघात झाला तिथे करायचा की आपण राहतो तिथे, हे कायद्याने जखमी माणसावरच सोडलेलं आहे. हे मला नंतर दुसऱ्याच एका वकिलांनी सांगितलं, आणि त्याचे पैसेही घेतले नाहीत. म्हणजे अशीही माणसं या पेशात आहेत. पण ती दवाखान्याच्या बाकड्यावर भेटत नाहीत.

आता टक्केवारीचं. 'आधी काही देऊ नका, पैसे मिळाल्यावर ठरलेला हिस्सा द्या' ही पद्धत गरिबाच्या सोयीची, असं लेखक म्हणतात. अमेरिकेत ती राजरोस चालते, तसे करारमदारही होतात. इथे बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांत स्वच्छ लिहिलंय की वकिलाने निकालावर अवलंबून फी ठरवायची नाही आणि मिळालेल्या रकमेत वाटा घ्यायचा नाही. दलालांमार्फत कामं मिळवायला बंदी आहे, जाहिरातीलाही बंदी आहे. लेखाच्या तळाशी लेखकमहाशयांचा मोबाईल नंबर ठळक अक्षरात छापला होता. ती जाहिरात नसणारच, वाचकांची सोय असेल!

आमच्याकडून शेकडा पंचवीस गेले. कोर्टाने काही रक्कम मुदतठेवीत ठेवायला सांगितली, बाकीची भावाच्या खात्यात आली. खातं उघडून देणारे हेच गृहस्थ, आणि सही केलेले चेकही त्यांच्याच फाइलीत. रक्कम जमा झाल्याचा मेसेज आणि हिस्सा वळता झाल्याचा मेसेज एकापाठोपाठ आले.

तरी पैशाचा एवढा राग नाही. काम नीट केलं असतं तर पंचवीस काय, तीसही दिले असते. भाऊ पॉवरलूमवर कामाला. म्हणजे दिवसभर उभं राहायचं, या मागावरून त्या मागावर जायचं, धागा तुटला की वाकून जोडायचा, कांडी संपली की बदलायची. मांडीचं हाड मोडलं, आत रॉड घातला, पाय आखूड झाला. डॉक्टरांनी पायाचं अपंगत्व 30 टक्के लिहून दिलं. बँकेतल्या कारकुनाचा पाय तेवढाच गेला तर तो खुर्चीत बसून नोकरी करील. विणकराने काय करायचं? सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्येच, राजकुमार विरुद्ध अजयकुमार या निकालात सांगितलंय की अवयवाचं अपंगत्व आणि कमाईचं नुकसान एकच धरू नका, माणूस आधी काय काम करत होता आणि आता काय करू शकतो ते बघा. ते बघायचं तर आधी कुणीतरी कोर्टापुढे मांडायला हवं ना? आमच्या अर्जात व्यवसायापुढे 'कूली' एवढंच लिहिलेलं. लूमचे मालक पगाराची वही घेऊन साक्षीला यायला तयार होते, त्यांना कुणी बोलावलंच नाही. पुरावा नाही म्हटल्यावर कोर्टाने अंदाजाने मिळकत धरली आणि 30 टक्क्यांचा तिसरा हिस्सा, म्हणजे 10 टक्के अपंगत्व धरलं. वकीलसाहेबांनी भावाला पहिल्यांदा पाहिलं ते साक्षीच्या दिवशी, तेही त्याचं नाव विचारून. वकिलाचा अनुभव किती वर्षांचा हे विचारून काय करायचं? तुम्ही काय काम करता हे तो विचारतो की नाही, एवढं बघायला सांगा लोकांना.

आणि हे सगळं कळलं कधी? निकाल लागून गेल्यावर. एफआयआर, पंचनामा, जखमांचा दाखला, सगळे कागद कन्नडमध्ये. वहिनी मराठी शाळेत शिकलेली. त्या फाइलवाल्याला कन्नड वाचता येतं आणि आम्हाला येत नाही, एवढंच त्याचं भांडवल. मराठीतून परिपत्रकं मिळावीत म्हणून आपल्याकडे मोर्चे निघतात, निघायलाच पाहिजेत, मीही गेलोय. पण आठवड्यातून एक दिवस कोर्टाच्या आवारात बसून लोकांना त्यांचेच कागद वाचून दाखवील, असा एक कार्यकर्ता आमच्या पुढाऱ्यांना मिळत नाही. उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठात अपील करायला 90 दिवसांची मुदत असते. निकालाची प्रत आमच्या हातात पडली तेव्हा ती उलटून गेली होती.

लेखात जिल्हा कायदा सेवा प्राधिकरणाचं नावसुद्धा नाही. स्त्रिया, अपंग, अनुसूचित जाती-जमाती, औद्योगिक कामगार यांना मिळकतीची अट न घालता तिथे फुकट वकील मिळतो, 1987 चा कायदाच आहे तसा. आणि 'घाई करू नका' म्हणताना, दावा दाखल करायला एप्रिल 2022 पासून सहा महिन्यांची मुदत लागू झाली आहे, हे सांगायला काय हरकत होती? त्या मुदतीला न्यायालयात आव्हान दिलं गेलंय हे मलाही माहीत आहे. पण निकाल काय लागेल याच्या भरवशावर पाय मोडलेल्या माणसाने घरी बसून राहायचं का?

जाता जाता एक गोष्ट थेट आपल्यासाठी. आपल्या वृत्तपत्रात अपघाताच्या बातमीत जखमीचं नाव, वय, गल्ली आणि कुठल्या दवाखान्यात दाखल केलं, हे सगळं छापून येतं. नातेवाईकांना त्याचा उपयोग नसतो, त्यांना आधीच फोन गेलेला असतो. ही माहिती सकाळी कोण वाचतं आणि आठच्या आत कुणाच्या मोटारसायकली दवाखान्यांकडे निघतात, ते आपल्या बातमीदारांना विचारा. दवाखान्याचं नाव छापायचं बंद करा, ही विनंती.

आपला,
एक वाचक,
खासबाग, बेळगाव