उद्यानातील केंद्र हवे, पण कडुनिंब राखून

महोदय,

आमच्या तालुक्याच्या गावी नगरपंचायतीच्या उद्यानात करमणूक व क्रीडा केंद्र बांधण्याचा प्रस्ताव आहे, त्याचे मी मनापासून स्वागत करतो. मे महिन्यात विदर्भात पारा ४५ अंशांपलीकडे जातो, तेव्हा मुलांना खेळायला आणि म्हाताऱ्या माणसांना वर्तमानपत्र वाचत बसायला थंड जागा हवी, ही गरज केवळ मोठ्या शहरांची नाही.

मात्र नकाशात इमारत नेमकी जुन्या कडुनिंबांच्या जागी दाखवली असून वर टिनाचे छप्पर आहे. टिनाखाली उन्हाळ्यात दुपारी बसवत नाही, हे इथे कोणाला सांगावे लागू नये. उद्यानाच्या मागील बाजूस पडीक जागा असताना झाडे का तोडावीत? १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्यानुसार नागरी क्षेत्रात वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही. त्यामुळे आधी नकाशा फलकावर लावून हरकती मागवाव्यात.

गावोगावची कुलूपबंद समाजमंदिरे पाहता, चावी कोणाकडे राहील, वीजबिल कोण भरेल आणि मुलींसाठी कोणती वेळ राखीव असेल, हे भूमिपूजनापूर्वीच लेखी ठरवावे, ही विनंती.

– एक रहिवासी, यवतमाळ जिल्हा