गिटार ओळखून देणाऱ्या काकांचे आभार

मामाच्या माघारी त्याची इलेक्ट्रिक गिटार माझ्याकडे आली. डोक्यावरचं नाव पुसलेलं, कागदपत्रं काहीच नाहीत. एका दुकानदाराने वरवर बघून "कॉपी आहे, ठेवून जा, बघू काय देता येईल" असं सांगितलं. आई तर देऊनच टाकणार होती.

तुम्ही मात्र ती मऊ कापडावर ठेवलीत, तारा सैल केल्यात, पिकगार्डचा, म्हणजे तारांखालच्या प्लास्टिकच्या पट्टीचा, एकेक स्क्रू ज्या भोकातला त्या क्रमाने कागदावर चिकटवलात. आतल्या पॉटच्या, म्हणजे आवाज कमी-जास्त करणाऱ्या बटणाखालच्या भागाच्या, पाठीवरचे आकडे टॉर्च धरून मलाच वाचायला लावलेत: १३७६६३३. १३७ म्हणजे पॉट बनवणारी सीटीएस कंपनी, ६६ म्हणजे १९६६, ३३ म्हणजे वर्षातला आठवडा. सोल्डरिंगला कुणी हात लावलेला नव्हता, म्हणजे पॉट मागाहून बदललेला नव्हता. नेकच्या (गिटारच्या मानेच्या) टाचेवरचा, म्हणजे ती धडाला जोडतात त्या टोकावरचा, तारखेचा शिक्काही त्याच सुमाराचा निघाला. अस्सल फेंडर, नावाजलेल्या अमेरिकन कंपनीची गिटार! नेक जिथे जोडतात तिथल्या मागच्या प्लेटच्या नंबरावर एकट्यावर विसंबू नका, प्लेट बदलता येते, हेही बजावलंत.

स्विचचं तुटलेलं टोक पाकिटात घालून वर लिहिलंत, "मूळ भाग, फेकू नये." पैसे घेतलेत ते फक्त नव्या तारांचे. नाव छापायला तुमचीच मनाई, म्हणून काका, नुसतेच मनापासून आभार.