नदीपलीकडची करमुक्त खरेदी

व्हँकुव्हर, वॉशिंग्टन राज्य

तीर्थस्वरूप काकांस,
कृतानेक साष्टांग नमस्कार विनंती विशेष.

तुमचे पत्र पोहोचले. साताऱ्याच्या आपल्या दुकानात गिऱ्हाईक मिक्सर हाताळून पाहते, दोन-तीन कंपन्यांचे भाव विचारते आणि पायरी उतरल्यावर तोच मिक्सर मोबाइलवर मागवते, असे तुम्ही लिहिले आहे. शिवाय अमेरिकेत ऑनलाइन मालावर करच नसतो असे कोणीतरी तुम्हाला सांगितले, तेव्हा तिथले दुकानदार जगतात कसे, असेही विचारले आहे. एके काळी ती गोष्ट बरीचशी खरी होती, आज ती खरी नाही. ती का बदलली आणि माझ्या मते योग्यच का बदलली, ते सविस्तर लिहिते.

इथे आपल्या जीएसटीसारखा देशभराचा विक्रीकर नाही. ४५ राज्ये आपापला विक्रीकर लावतात आणि त्यावर शहरे व परगणे आपली भर घालतात. आमच्या व्हँकुव्हरमध्ये (हे कॅनडातले नव्हे, बरे का) राज्याचा ६.५ टक्के आणि स्थानिक भर मिळून सुमारे नऊ टक्के कर पडतो. तो छापील किमतीत धरलेला नसतो, पैसे देताना वर चढतो, त्यामुळे प्रत्येक वेळी डोळ्यांत खुपतो. कोलंबिया नदीचा पूल ओलांडला की ओरेगॉन राज्यातले पोर्टलंड लागते आणि तिथे विक्रीकर शून्य. तिथल्या मतदारांनी हा कर आजवर नऊ वेळा फेटाळला आहे. मात्र ओरेगॉन पगारावर ९.९ टक्क्यांपर्यंत प्राप्तिकर घेते, तर वॉशिंग्टन राज्य पगारावर काहीच घेत नाही. म्हणजे एका काठाने कमाईवर कर बसवला आहे आणि दुसऱ्याने खर्चावर. राहायचे या काठाला आणि खरेदी त्या काठाला, असा बेत ज्याला जमतो तो दोन्हीकडून सुटतो.

निदान त्याला तसे वाटते. कायद्याप्रमाणे परराज्यातून कर न भरता आणलेल्या वस्तूवर आपल्या राज्याला तेवढाच कर देणे खरेदीदारावर बंधनकारक आहे. त्याला इथे यूज टॅक्स म्हणतात. हा कर सामान्य माणूस सहसा भरत नाही. इतर बऱ्याच राज्यांत निदान प्राप्तिकराच्या विवरणपत्रात त्याची एक ओळ असते, आमच्याकडे पगारदाराला राज्याचे असे विवरणपत्रच भरावे लागत नाही, त्यामुळे आठवण करून देणाराही कोणी नाही. ऑनलाइन खरेदी 'करमुक्त' होती ती अशी. सूट कोणी दिलेली नव्हती. देणे होते, फक्त वसूल करणारा नव्हता.

वसूल करणारा का नव्हता, याचे मूळ टपालाने माल पाठवणाऱ्या कंपन्यांच्या काळात आहे. ज्या विक्रेत्याचे राज्यात दुकान, गोदाम किंवा माणूस नाही, त्याच्यावर कर गोळा करण्याची सक्ती राज्याला करता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये ठरवले आणि १९९२ मध्ये क्विल कंपनीच्या खटल्यात ते कायम ठेवले. तेव्हा प्रश्न छापील कॅटलॉग पाहून टपालाने माल मागवण्याचा होता. पुढे इंटरनेटवरची दुकाने निघाली आणि तोच नियम त्यांना आयता लाभला. ॲमेझॉनचे मुख्यालय सिॲटलला, म्हणजे आमच्याच राज्यात असल्याने तिचा माल आम्हाला पहिल्यापासून करासहित मिळत असे, आणि दूरच्या राज्यांतल्या ग्राहकांना मात्र ती कित्येक वर्षे तो लावत नव्हती. तिने विक्रीकर असलेल्या सर्व राज्यांत वसुली सुरू केली ती एप्रिल २०१७ पासून.

शेवटी साउथ डकोटा या लहान राज्याने २०१६ मध्ये कायदा केला. वर्षाला एक लाख डॉलरहून अधिक विक्री किंवा २०० व्यवहार राज्यात करणाऱ्या बाहेरच्या विक्रेत्याने कर गोळा करून भरावा, असा तो कायदा होता. या राज्यालाही प्राप्तिकर नाही, त्यामुळे बुडणारा विक्रीकर, वर्षाला ४.८ ते ५.८ कोटी डॉलर, त्याला जड जात होता. ऑनलाइन घरसामान विकणाऱ्या वेफेअर वगैरे कंपन्यांविरुद्धचा हा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि २१ जून २०१८ रोजी पाच विरुद्ध चार मतांनी राज्याच्या बाजूने निकाल लागला. सर्व राज्ये मिळून वर्षाला ८ ते ३३ अब्ज डॉलर गमावत असल्याचे अंदाज न्यायमूर्ती अँथनी केनेडी यांनी निकालपत्रात नोंदवले. ज्याने राज्यात दुकान थाटले त्याच्यावर भार आणि ज्याने थाटले नाही त्याला मोकळीक, हा नियम व्यापारात तटस्थ नाही, हे त्यांचे म्हणणे तुमच्या दुकानात बसून ऐकले असते तरी तुम्ही मान हलवली असती.

विरुद्ध बाजूही पोकळ नव्हती. अशा बदलाचा निर्णय संसदेने घ्यावा असे सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांचे मत होते. देशात विक्रीकर लावणारी दहा हजारांहून अधिक अधिकारक्षेत्रे आहेत आणि प्रत्येकाची तऱ्हा वेगळी, हे त्यांनी दाखवून दिले. इलिनॉय राज्यात स्निकर्स हे चॉकलेट मिठाई ठरते, म्हणून त्याला जास्त दर, आणि ट्विक्स या चॉकलेटात पीठ असल्याने ते खाद्यपदार्थ ठरते व त्याला कमी, हे त्यातले एक उदाहरण. आपल्याकडे २०२४ च्या डिसेंबरात खारट आणि कॅरॅमल पॉपकॉर्नच्या दरांवरून जी थट्टा झाली, ती इथल्या लोकांना अजिबात नवी वाटली नसती. एखादी गृहिणी घरी मेणबत्त्या करून वीस राज्यांत पाठवत असेल, तर तिने वीस राज्यांचे नियम कसे पाळावेत?

माझ्या मते याचे उत्तर कर माफ करण्यात नाही, तो कोणी गोळा करावा हे नीट ठरवण्यात आहे. निकालानंतर राज्यांनी नेमके तेच केले. मोठ्या संकेतस्थळावरून विक्री झाली, तर कर त्या संकेतस्थळाच्या कंपनीनेच कापून भरायचा, आणि स्वतंत्र विक्रेत्याला विक्रीची मर्यादा ओलांडल्यावरच नोंदणी करावी लागते. वॉशिंग्टनमध्ये ती एक लाख डॉलर आहे. यात ओरेगॉनच्या व्यापाऱ्याला मात्र राग येतो आणि तो मला समजतो, कारण स्वतःच्या राज्यात जो कर त्याने कधी पाहिला नाही, तो दुसऱ्या राज्यासाठी त्याला गोळा करावा लागतो. ओरेगॉनच्या ग्राहकांचीही इथली सोय आक्रसली आहे. पूर्वी आमच्या राज्यातल्या दुकानांत ओरेगॉनचे ओळखपत्र दाखवले की कर लागत नसे. १ जुलै २०१९ पासून त्यांना आधी कर भरावा लागतो आणि नंतर वर्षातून एकदा अर्ज करून फक्त राज्याचा हिस्सा परत मागावा लागतो.

विक्रीकराचा भार गरिबावर अधिक पडतो, कारण त्याची जवळजवळ सगळी कमाई खर्च होते, हा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. पण तो सबंध विक्रीकरावरचा आक्षेप आहे. त्यावर उपाय म्हणून आमच्या राज्यात घरी शिजवायच्या किराण्यावर हा कर नाही. ज्याच्याकडे क्रेडिट कार्ड आणि दारात खोके उतरवून घेण्याची सोय आहे त्यालाच सूट द्यायची आणि कोपऱ्यावरच्या दुकानात रोखीने घेणाऱ्याकडून कर घ्यायचा, याला गरिबांची कणव म्हणता येणार नाही.

आता तुमच्या दुकानाचे. आपल्याकडे १ जुलै २०१७ पासून मिक्सरवर जो जीएसटी तुमच्या बिलात आहे, तोच ऑनलाइन बिलातही आहे आणि तो छापील किमतीतच धरलेला असतो. तेव्हा तुमचे गिऱ्हाईक कर वाचवण्यासाठी तिकडे जात नाही. कंपन्या घाऊक खरेदी करतात, सवलती देतात, माल परत घेतात. स्पर्धा तिथे आहे. उलट, 'पावती नको, भाव कमी करा' म्हणणारे गिऱ्हाईक दुकानातच भेटते, हे तुम्हाला मी सांगायला नको. भारतात उलटी अडचण होती, ती म्हणजे ऑनलाइन माल विकायचा तर उलाढाल कितीही लहान असली तरी नोंदणी सक्तीची, आणि समोरासमोर विकणाऱ्याला मात्र चाळीस लाखांपर्यंत सूट. ऑक्टोबर २०२३ पासून राज्यांतर्गत माल विकणाऱ्या लहान विक्रेत्यांसाठी ती सक्ती काढली आहे.

काकूंच्या बचत गटाच्या मसाल्यांना आणि चटण्यांना याचा उपयोग होईल असे वाटते. विक्री महाराष्ट्रापुरती ठेवावी लागेल, परराज्यात पाठवायचे झाल्यास नोंदणी करावीच लागेल. तुमच्या सी.ए.ना एकदा विचारून घ्या आणि ते काय म्हणतात ते मला कळवा.

काकूंना नमस्कार आणि मुलांना आशीर्वाद.

तुमची पुतणी