मोफत धडे : नुसत्या यादीने काय होणार?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीतला मोफत शैक्षणिक व्हिडिओंवरचा पानभर लेख वाचला. पानभर म्हणजे अक्षरशः पानभर. नावामागून नाव, आणि प्रत्येकापुढे ‘उपयुक्त’, ‘रंजक’ किंवा ‘अवश्य पाहावे’. लेखकाने यांतला एखादा तरी धडा शेवटपर्यंत पाहिला असेल असं वाटत नाही. पाहिला असल्यास माफी असावी. टेलिफोन डिरेक्टरी वाचून ओळखी होत नाहीत, एवढंच म्हणते.

खरं म्हणजे मी पत्र लिहायला बसले ती तिसऱ्या रकान्यातल्या एका नावामुळे. ते नाव इथे लिहीत नाही. तुम्ही ते ठळक टाइपात छापून त्यांचं पुरेसं भलं केलं आहे. त्याच ठिकाणी माझी मुलगी मागे एकदा वर्गसमीकरणाचा धडा शोधत गेली होती. पूर्ण वर्ग पद्धत. परीक्षा तोंडावर, वर्गात ऐकलेलं डोक्यात शिरलेलं नाही, आणि मी ते शाळेतच सोडून आलेली. धड्याच्या चित्रावर मोठ्या अक्षरांत ‘मोफत’. बटण दाबलं की आधी मोबाइल नंबर. नंबर दिला की ओटीपी. ओटीपी दिला की इयत्ता, मंडळ, पालकांचा नंबर. एवढं सगळं झाल्यावर धडा सुरू झाला आणि शिक्षकाने उदाहरण फळ्यावर लिहिलं न लिहिलं तोच पडदा धूसर झाला. पुढचं पाहायचं असेल तर पॅकेज घ्या.

तिथवर ठीक आहे, दुकान आहे म्हणून सोडून दिलं असतं. पण नंबर माझा होता. दुसऱ्या दिवसापासून ऑफिसात फोन. “मॅडम, मी आपल्या मुलीचा शैक्षणिक समुपदेशक बोलतोय.” आमच्या मुलीला समुपदेशक आहे हे आम्हालाच माहीत नव्हतं. आज निर्णय घेतलात तर सवलत, उद्या नाही. मी म्हटलं, बाबा रे, तुला पूर्ण वर्ग पद्धत येते का, येत असेल तर आत्ता फोनवर सांग, तिला निरोप देते. “ते आमचे एक्स्पर्ट सांगतील, मॅडम.” नंबर ब्लॉक केला की दुसऱ्या नंबरावरून तोच आवाज. एकदा तर “मुलीच्या भवितव्याबाबत आपण गंभीर नाही का?” असंही विचारून झालं. वर्षाअखेरीचा ताळेबंद समोर उघडा आणि हे! आणि आता तुमचं वर्तमानपत्र त्यालाच ‘मोफत शिक्षणाची गंगा’ म्हणतं.

लेखात एका ओळीची सूचना पुरली असती : धडा पाहण्याआधी फोन नंबर मागितला की परत फिरा. खरोखर मोफत असलेल्या ठिकाणी हा जाच नसतो. अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रज्ञान विद्यापीठाने आपल्या अभ्यासक्रमांचं साहित्य सगळ्यांना खुलं करणार असं २००१ साली जाहीर केलं. ते आजही कुठलंही खातं न काढता उघडतं. नाव तुमच्या यादीत आहे. पुढे ‘उच्च दर्जाचे व्हिडिओ’ असा शेरा आहे. तिथल्या गिल्बर्ट स्ट्रँग यांच्या रेषीय बीजगणिताच्या गाजलेल्या व्याख्यानांचं चित्रीकरण १९९९ सालचं आहे. फळा, खडू आणि बोलणारा माणूस, बस्स. चित्र धुरकट. तरी जगभरचे विद्यार्थी ते अजून पाहतात. आणि व्हिडिओपेक्षा मोलाचं जे आहे, म्हणजे गृहपाठाचे प्रश्न, त्यांची उत्तरं, जुन्या परीक्षा, त्याचा लेखात उल्लेखच नाही.

तेच खान अकादमीचं. ‘जगप्रसिद्ध’ एवढाच शेरा. तिचे संस्थापक सलमान खान यांनी (चित्रपटातले नव्हेत) २००४ साली आपल्या नात्यातल्या एका बहिणीला दुरून गणित शिकवायला सुरुवात केली आणि २००६ पासून ते धडे यूट्यूबवर टाकले. भावंडं त्यांना म्हणाली, तू समोर असण्यापेक्षा व्हिडिओत बरा. कारण उघड आहे. व्हिडिओ थांबवता येतो, मागे नेता येतो, आणि तेच पुन्हा विचारलं म्हणून कोणी उसासा टाकत नाही. पण तिथली खरी मेख धड्यानंतरच्या सरावात आहे. उत्तर चुकलं की पायरीपायरीने सूचना मिळते. नुसते व्हिडिओ बघून समजल्यासारखं वाटतं आणि कोरा कागद पुढे आला की पेन हलत नाही, हे घरात पाहिलेलं आहे. हे सांगणं लेखकाचं काम नव्हतं काय?

बरं, शोधायचं कसं, यावर तर अवाक्षर नाही. समस्या धडे नसण्याची कधीच नव्हती. ‘पूर्ण वर्ग पद्धत’ टाकलं की ढीग येतो. आणि ढिगात वर येतो तो सगळ्यात चांगला असतोच असं नाही, बहुधा खूप पाहिला गेलेला असतो. मुलीबरोबर बसून मी ते पाहिलं. पहिल्यात गुरुजींचं स्वागत, चॅनलची ओळख, घंटी दाबा, मित्रांना पाठवा, आणि मग “हे सूत्र पाठच करून टाका.” दुसऱ्यात नाचणारी अक्षरं आणि मागे ढोल. पूर्वी नापसंतीचा आकडा पाहून असली माणसं टाळता यायची, पण नोव्हेंबर २०२१ पासून यूट्यूबने तो आकडा प्रेक्षकांना दाखवणं बंद केलं. आता खालच्या प्रतिक्रिया वाचायच्या. त्यातही ‘सर, तुम्ही देव आहात’ सोडून द्यायच्या आणि कोणी नेमकी शंका विचारली आहे का, तिला उत्तर मिळालं आहे का, ते पाहायचं.

शेवटी सापडला तो धडा कुणा अनोळखी बाईंचा. उजेड कमी, हाताची सावली कागदावर. चेहरा एकदाही दिसला नाही. क्ष वर्ग अधिक सहा क्ष बरोबर सोळा, असं समीकरण. त्यांनी क्ष बाजूचा एक चौरस कापला. सहा क्ष म्हणजे क्ष लांबीची, सहा रुंदीची पट्टी. ती उभी मधोमध कापली. तीन रुंदीचे दोन तुकडे झाले, एक चौरसाच्या उजवीकडे ठेवला, एक खाली. आणि मग नुसत्या थांबल्या. कोपऱ्यात तीन बाय तीनची जागा रिकामी होती. मुलगी ओरडलीच, “नऊ!” सोळात नऊ मिळवले, पंचवीस झाले, मोठ्या चौरसाची बाजू पाच, त्यातले तीन गेले, क्ष दोन. ‘अर्ध्याचा वर्ग मिळवा’ असं वर्गात जे घोकून घेतलं होतं ते कशासाठी, हे तेव्हा कळलं. तिला आणि मलाही.

तरी मुलीने लगेच विचारलं, उणे आठ कुठे गेलं? कारण पुस्तकात उत्तरं दोन असतात. बाईंच्या कागदात ते दिसणं शक्य नव्हतं, बाजूची लांबी उणे कशी असेल? बाई त्यावर काहीच बोलल्या नाहीत. मग पाठ्यपुस्तक उघडलं, वर्गमूळ धन आणि ऋण दोन्ही असतं ते वाचलं, आणि तिढा सुटला. व्हिडिओ आणि पुस्तक समोरासमोर ठेवल्याशिवाय काम होत नाही, एवढं तरी त्या पानभरात बसलं असतं.

आता तुमचा क्रम. शाळकरी मुलांसाठी म्हणून दिलेल्या चौकटीत एनपीटेल! आयआयटी आणि भारतीय विज्ञान संस्थेने मिळून २००३ साली सुरू केलेला तो उपक्रम मुख्यतः अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठी आहे. व्याख्यानं उत्तम आहेत, ऐकायला मोफत आहेत, प्रमाणपत्राच्या परीक्षेला मात्र शुल्क असतं. नववीचं पोर तिथे गेलं तर पहिल्या पाच मिनिटांत ‘मला विज्ञान जमत नाही’ असं ठरवून बाहेर पडेल. त्याऐवजी कोलोरॅडो विद्यापीठाचा फेट हा उपक्रम, नोबेलविजेते कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये सुरू केलेला, यादीच्या तळाशी ‘इतर’मध्ये पडला आहे. तिथे व्हिडिओ नाहीत, खेळून पाहायचे प्रयोग आहेत. तारा जोडा, बॅटरी बदला, दिव्याचा उजेड कमीजास्त होताना बघा. काही तर मराठीतही आहेत. हे वर हवं होतं.

‘सर्व विषय’ असं शीर्षक देऊन इतिहासाच्या वाट्याला एक ओळ, भाषेच्या वाट्याला शून्य, आणि कोडिंगला मात्र अर्धा रकाना. येल विद्यापीठाने २००७ पासून इतिहास, तत्त्वज्ञान, साहित्य या विषयांचे अख्खे वर्ग चित्रित करून खुले केले आहेत. तुमच्या लेखकाला ते दिसले नसावेत. नोकरी लागत नाही ना त्याने.

एक सुचवते. पुढच्या वेळी शंभर नावं नकोत. एकच प्रकरण घ्या, मग ते अपूर्णांक असो की प्रकाशसंश्लेषण, आणि त्यावरचे तीन धडे खरंच बसून पाहा. कुठला आधी, कुठला नंतर, कुठे चूक आहे, कुणाची प्लेलिस्ट क्रमाने लावलेली आहे, ते लिहा. कुठल्या धड्यात बोललेलं सगळं पडद्यावर बिनचूक लिहून येतं (सबटायटल) तेही लिहा. ज्या मुलांना नीट ऐकू येत नाही त्यांच्या दृष्टीने बाकी सगळं नंतरचं आहे.

आणि जाता जाता, ते क्यूआर कोड. निम्मे बरोबर पानाच्या घडीवर छापले होते. मोबाइल पुढे-मागे करून हात दुखले. मुलीने “पानाला इस्त्री करू का?” म्हणून विचारलं. एक कोड तेवढा सपाट जागी होता. तो लगेच उघडला. तुमच्याच वार्षिक वर्गणीचं पान निघालं, आणि पहिल्याच चौकटीत मोबाइल नंबर मागितला होता.

कळावे,
आपली एक (अजून तरी) नियमित वाचक