ॲप तुमचं, पण सर्व्हर कोणाच्या नावावर?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

छोट्या धंदेवाल्यांनी क्लाउडचं, म्हणजे इंटरनेटवरून वापरायच्या दुसऱ्या कंपनीच्या मशीनचं, भाडं भरत बसण्यापेक्षा स्वतःचा सर्व्हर, म्हणजे ॲपचा डेटा ठेवणारा कायम चालू कॉम्प्युटर, ठेवावा, असा सल्ला आपल्या पुरवणीत वाचला म्हणून हे लिहून राहिलो. मी नागपुरातल्या ट्यूशन क्लासेसची आणि मेसवाल्यांची ॲप बनवतो. दोन्हीकडे हात पोळलेत माझे, म्हणून विनंती की हा सल्ला सरसकट देऊ नका.

आधी क्लाउडचं सांगतो. सक्करदऱ्याच्या एका क्लासचं ॲप क्लाउड कंपनीच्या फुकटच्या प्लॅनवर होतं. तिथं दिवसाला ५० हजार रीड फुकट, म्हणजे डेटाबेसमधली एक नोंद वाचली की एक रीड मोजला. एप्रिलमध्ये टेस्टचा निकाल लागला त्या संध्याकाळी ३०० पोरांनी ॲप उघडलं, आणि चूक माझी, ॲप उघडलं की जुन्या ६०० नोटिसा सगळ्याच्या सगळ्या खाली यायच्या. ३०० गुणिले ६००, १ लाख ८० हजार. ॲप ठप्प! कोटा परत सुरू होतो तो पण आपल्या रात्री बाराला नाही, अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर मध्यरात्र झाली की, म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात दुपारी साडेबाराला. पैसे भरले असते तर लगेच चालू झालं असतं, पण अकाउंट माझ्या जुन्या पार्टनरच्या ईमेलवर, तो पुण्याला नोकरीवर गेलेला आणि फोन उचलेना. रात्रभर पालकांचे फोन सरांना आणि सरांचे मला.

मग मी चिडून सगळं स्वतःच्या मशीनवर आणलं. जुना पीसी, त्यावर डॉकर (सर्व्हरवर ॲप चालवायचं सॉफ्टवेअर) आणि पोस्टग्रेस (फुकटचा डेटाबेस), ठेवला क्लासच्या ऑफिसातच. सॉफ्टवेअरला एक रुपया लागला नाही हे खरं आहे, पण घरगुती ब्रॉडबँडला बाहेरून पोचता येईल असा आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, बहुतेक वेळा मिळत नाही, त्यासाठी वेगळे पैसे. आणि मे महिना नागपूरचा! पारा ४५ वर, दुपारी लाइट गेली की इन्व्हर्टर पंखे ओढणार की सर्व्हर? एका दुपारी डिस्क गेली ती गेलीच. बॅकअप होता, पण त्याच डिस्कवर. ११ दिवसांची हजेरी उडाली, ती क्लासच्या मॅडमनी कागदी रजिस्टर मांडीवर घेऊन एकेक नाव वाचून परत भरली, मी बाजूला बसून टाइप करत होतो. तो दिवस मी विसरू शकत नाही.

मोठ्यांचंही असं होतं. फेसबुकनं २०१३ मध्ये पार्स नावाची बॅकएंड सेवा, म्हणजे ॲपची सर्व्हरकडची बाजू सांभाळणारी सेवा, विकत घेतली, जानेवारी २०१६ मध्ये बंद करणार म्हणून सांगितलं आणि वर्षभरात बंद केलीही. मुदत दिली, सर्व्हरचा कोडही खुला केला म्हणून लोक निभावले. मार्च २०२१ मध्ये फ्रान्समध्ये स्ट्रासबुर्गला ओव्हीएच या सर्व्हर भाड्यानं देणाऱ्या कंपनीचं डेटा सेंटर जळालं, तेव्हा ज्यांचा बॅकअप त्याच आवारात होता त्यांचा डेटा कायमचा गेला.

म्हणून माझं म्हणणं असं की क्लाउड का स्वतःचा, हा प्रश्न नंतरचा. आधी हे विचारा की अकाउंट आणि डोमेन (वेबसाइटचं नाव) कोणाच्या नावावर आहे, रात्री बंद पडलं तर उठणार कोण, आणि उद्या सगळा डेटा उचलून दुसरीकडे नेता येतो का. उठणारा माणूस नसेल तर स्वतःच्या सर्व्हरच्या भानगडीत पडूच नका, महिन्याचं भाडं परवडलं. माझी ॲप आता मुंबईतल्या भाड्याच्या सर्व्हरवर आहेत, डेटाबेस साधा पोस्टग्रेसच ठेवला म्हणजे कुठंही हलवता येतो, रोज रात्री त्याची कॉपी दुसऱ्या कंपनीकडे जाते आणि महिन्यातून एकदा ती कॉपी खरंच उघडून पाहतो. हे शेवटचं काम कोणीच करत नाही!

जूनमध्ये ॲडमिशन सुरू झाल्या की कित्येक क्लासवाले घाईघाईत ॲप बनवून घेतात. त्याआधी हे तीन प्रश्न आपल्या पुरवणीत ठळक छापाल का? पोरांची नावं, पालकांचे नंबर, फीचा हिशोब, सगळं त्याच सर्व्हरवर असतं.

आपला,
एक वाचक, प्रतापनगर, नागपूर