रविवारच्या सामन्यांआधी हे वाचा

मंडळी, येत्या रविवारी सकाळी 10 वाजता नेरुळला, नेहमीच्या कॅफेत आपले व्हॅलोरंट या ऑनलाइन शूटिंग गेमचे आपसातले सामने. पाच-पाचचे चार संघ, यादी शनिवारी रात्री टाकतो. ठाण्याहून येणाऱ्यांनी मेगाब्लॉक आधी बघून ठेवा.

मागच्या वेळी दोन हेडसेट आपटले गेले, एक जण अर्ध्या सामन्यातून उठून गेला. म्हणून यंदा:

– सलग दोन सामने हरलात की खुर्ची सोडायची. 15 मिनिटं बाहेर, चहा, पाय मोकळे. "बस, एक शेवटची" म्हणत रागात खेळलेली मॅच काय करते, ते तुमच्याच हिस्टरीत बघा.

– माइकवर फक्त माहिती. शत्रू कुठे, किती. आईबहिणीवर गेलात तर त्या दिवसापुरते बाहेर. सीनियर असलात तरी.

– पैसे लावायचे नाहीत. 2025 च्या कायद्याने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आहे आणि आपल्याला ती भानगडच नको.

रँकचं थोडं. मॅचमेकिंग, म्हणजे गेमची संघ जुळवायची पद्धत, मुद्दाम तुमच्याच तोडीचे खेळाडू समोर आणतं, म्हणजे साधारण निम्म्या मॅच हरणारच. त्यात टीममेटचा दोष शोधत बसू नका. रेकॉर्डिंग लावा आणि स्वतः कुठे मेलात तेवढंच बघा. (मी बघितलं. कोपऱ्यात रीलोड करताना. दर वेळी!)

कुणाची झोप, अभ्यास, नोकरी खेळापायी खरंच बिघडत असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला 14416 वर फोन करा. फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

येणार असाल तर शुक्रवारपर्यंत ग्रुपवर नाव टाका.