नांगरावरचा हात

प्रिय आशिष,
ख्रिस्तात सप्रेम सलाम.

सात महिने पत्र नाही, फोन नाही, तुझ्या दोन मेसेजना नुसता अंगठा. राग धर, तुझा हक्क आहे. तब्येत ठीक. पाठ अधूनमधून धरते, आईची साखर आटोक्यात आहे. आता मूळ गोष्ट. ती तुझ्याशिवाय कोणाला सांगता येत नाही.

मागच्या महिन्यात चर्चच्या तरुण संघातल्या आपल्या ड्रमवाल्याचा मेसेज आला, मंगळवारी रात्री. 'दादा, मी यापुढे तरुण संघात येणार नाही. माझा विश्वास उरलेला नाही. तुमच्यावर राग नाही.' मी वाचला आणि मला बरं वाटलं. आशिष, बरं वाटलं! शनिवारच्या सभेत एक खुर्ची कमी, शिबिराच्या यादीत एक नाव कमी, त्याच्या प्रश्नांसाठी बारा-बारा वाजेपर्यंत जागायला नको. फोन उपडा ठेवून मी शांत झोपलो. शुक्रवारी शास्त्रपाठाच्या तयारीला लूकचा १५वा अध्याय उघडला. नव्व्याण्णव मेंढरं रानात ठेवून एका हरवलेल्याच्या मागे जाणारा मेंढपाळ. तेव्हा कुठे कळलं मी काय केलंय ते. तरी रडू आलं नाही, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली.

दमणं मला माहीत आहे. शिबिराच्या तिसऱ्या दिवशी आपण दोघं उभ्या उभ्या झोपायचो. तू प्रेषितांच्या कृत्यांतला युतुख, पौलाचं प्रवचन ऐकता ऐकता झोपून तिसऱ्या मजल्यावरून पडलेला आणि पौलानं उठवलेला तो तरुण, शिकवत असताना मागच्या बाकावरचा आपला गोलू खरंच झोपून खाली पडला होता, आठवतं? आणि तू गंभीर चेहऱ्यानं म्हणालास, 'हा तळमजला आहे, पौलाला बोलवायची गरज नाही.' तेव्हाचा थकवा एका रात्रीच्या झोपेनं जायचा. हे तसं नाही. हल्ली शनिवार जवळ आला की छातीवर दगड. गाणी म्हणतो, हात वर करतो, डोळे मिटतो आणि मनात खुर्च्या मोजत असतो. मुलं रडत काही सांगतात तेव्हा माझ्या तोंडून योग्य वचन निघतं, योग्य आवाजात. आत काही हलत नाही.

मी थोडं वाचलं याबद्दल. फ्रॉइडनबर्गर नावाच्या मानसशास्त्रज्ञानं १९७४ मध्ये 'बर्नआउट'वर लेख लिहिला, तो मोफत दवाखान्यात राबणाऱ्या स्वयंसेवकांना पाहून. पैशासाठी नव्हे, तळमळीनं राबणारी माणसं! पुढे मास्लाक बाईंनी त्याच्या तीन खुणा मांडल्या: शक्ती संपणं, माणसांविषयी कोरडेपणा येणं, आणि आपल्या हातून काहीच होत नाही असं वाटणं. पहिली खूण आपण सेवेचं पदक म्हणून मिरवली. दुसरी माझ्यात कधी शिरली ते मला कळलंच नाही.

आता ते बोलतो जे चार वर्षं टाळलं. तू तरुण संघ सोडलास त्या रात्री चर्चच्या मागच्या जिन्यात मी तुला लूक ९:६२ ऐकवलं होतं. नांगराला हात घालून मागे पाहणारा देवाच्या राज्याला उपयोगी नाही. तू फक्त म्हणालास, 'सॅमी, मला प्रार्थना करता येत नाहीये रे.' आणि मी म्हणालो, 'मग जास्त कर.' त्या वाक्याची मला आज लाज वाटते. तू मागे पाहत नव्हतास. तू कोसळला होतास आणि मी वचनाची काठी करून तुला मारली. क्षमा कर. (गिटारच्या तारांचं भांडण मात्र मी मिटवणार नाही. त्या तूच तोडल्यास.)

सध्या बायबलमधला १ राजे १९ हा अध्याय सोडवत नाही. कर्मेल डोंगरावर अग्नी उतरलेला पाहिलेला एलीया संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली मरण मागतो. आणि देव त्याला रागावत नाही. वचनही ऐकवत नाही! दूत शिवतो, ऊठ, खा म्हणतो. निखाऱ्यावरची भाकर, पाण्याचं भांडं. तो खातो आणि परत झोपतो, तरी दूत पुन्हा येतो आणि पुन्हा खायलाच उठवतो, कारण वाट त्याला झेपणारी नाही. पुढे चाळीस दिवसांची चाल, मग होरेब डोंगर, मग देवाचा तो मंद आवाज. मी एकटाच उरलो असं एलीया दोनदा म्हणतो, तेव्हा कळतं की देवाला धरून राहिलेले आणखी सात हजार आहेत. आणि सोबतीला अलीशा मिळतो. आधी झोप, मग जेवण, मग सोबत. मी तुला उलट्या क्रमानं औषध दिलं होतं.

शेवटी पाळकसाहेबांकडे गेलो. वाटलं होतं ते धीर धरायला सांगतील. त्यांनी विचारलं, 'शनिवारी तुझ्याशिवाय कोण काय करतं?' मला उत्तर देता आलं नाही. किल्ल्या माझ्याकडे, गाणी मी निवडतो, पाठ माझा, मुलांच्या घरी फोन माझे. मग त्यांनी निर्गम १८ काढला. सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटा न्याय करत बसलेला मोशे, आणि सासरा इथ्रो त्याला सांगतो, तू करतोस हे बरं नाही, तूही झिजशील आणि लोकही. 'लोकही' या शब्दावर मी इतक्या वर्षांत कधी थांबलो नव्हतो. मी सगळं धरून ठेवल्यानं मुलांना काही उचलायलाच मिळालं नाही.

तर मी चार शनिवार सुट्टीवर आहे. दोन झाले. गाणी आपली पुढच्या बाकावरची मुलगी घेते, तू जिला 'घड्याळ' म्हणायचास. पाठ मोठी तीन मुलं वाटून घेतात. पहिल्या शनिवारी सहा वाजता नुसता तळमळत होतो, दुसऱ्या शनिवारी झोपलो. मार्क ६:३१ मध्ये येशू शिष्यांना म्हणतो, एकांतात चला, थोडा विसावा घ्या, कारण त्यांना जेवायलाही सवड नव्हती. पलीकडे पोहोचेपर्यंत लोक आधीच जमलेले. म्हणजे विसावा मिळाला तो बहुधा होडीत होता तेवढाच. मला ती होडी फार आवडू लागली आहे. परतल्यावर मात्र सगळं पुन्हा माझ्याकडेच आलं तर 'नाही' म्हणायला शिकावं लागेल. ते कसं जमेल, खरंच ठाऊक नाही.

तू कसा आहेस? नवी नोकरी मानवली का? बाळाला दात आले असतील एव्हाना. वहिनींना सलाम सांग.

ड्रमवाल्याला मी अजून उत्तर दिलेलं नाही. परवा त्याच्याकडे जाणार आहे, शास्त्र न घेता, वही न घेता. त्याला परत आणायला नाही, नुसतं भेटायला. पण काय बोलायचं ते सुचत नाही. तो खरं तर तुझाच. त्या पावसात तो बाहेर पायरीवर बसला होता, आत यायला तयार नव्हता, तू जाऊन शेजारी बसलास आणि दहा मिनिटांत दोघं हसत आत आलात. तेव्हा तू त्याला काय म्हणाला होतास? तेवढं लिही. परवाच्या आत जमलं तर फोनच कर, मी उचलेन.

तुझा,
सॅमी